गोकुळीचं लोह

ईश्वरी नागणेनं ज्वारीवर डॉक्टरेट केली ती मातीच्या ओढीनं, असं तिच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी म्हणायचंच. ती हसून मान हलवायची आणि हातातला नारळ सांभाळायची. खरी गोष्ट अशी होती, की दर माघात सिंधूआत्याच्या रानात ज्वारी उपटून तिच्या तळहातांना फोड यायचे, पाठ धरायची, आणि बारावीच्या वर्षी तिनं मनाशी पक्कं केलं होतं की या पिकाशी नातं ठेवायचंच असेल तर ते खुर्चीत बसून ठेवायचं.

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात, निदान बोरसळ गावात तरी, रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. वाकायचं, दोन्ही हातांनी ताट, म्हणजे ज्वारीचा उभा धांडा, बुडाशी धरायचं, हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि ताट ओळीत आडवं टाकायचं. की लगेच पुढचं. कणसासकट ती आडवी ज्वारी आठ-दहा दिवस रानातच वाळते, मग बायका बसून कणसं मोडतात आणि कडबा बांधला जातो. मोठ्या रानवाल्यांनी केव्हाच यंत्रं आणली होती. यंत्र उभ्या पिकाचं कणीस खुडायचं आणि तिथल्या तिथं दाणे पाडून मोकळं व्हायचं. पण थोडक्या रानातली, घरच्या खाण्याची ज्वारी अजून हातानंच निघायची, आणि तीही उपटूनच. विळा लावणं म्हणजे शुद्ध आळस. अमक्याच्या सुनेनं ज्वारीला विळा लावला, ही बातमी बोरसळमध्ये लग्नाच्या पंगतीत जिलबीपेक्षा चवीनं चघळली जायची.

सिंधू लेंडवे ही ईश्वरीच्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील नोकरीपायी बदलीच्या गावी फिरत राहिले, म्हणून ईश्वरी लहानाची मोठी झाली ती आत्याच्याच घरात. आत्या सडसडीत, तोंडाळ आणि कामाला वाघ. अख्ख्या तालुक्यात गोकुळी नावाची ज्वारी पेरणारी ती एकटी उरली होती. का पेरतेस म्हणून कुणी विचारलं तर ती सांगायची, "गोड लागती म्हणून." त्यापुढे तिला काही सांगायचं नसायचं.

आता थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

झाड मुळांनी अन्न घेतं असं आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. मात्र चुन्याच्या संगतीनं ते असं घट्ट होऊन बसतं की पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळाला पिता येत नाही. काही वाण मुळांवाटे एक रस सोडतात आणि ते लोह मोकळं करून घेतात, काहींना ती कला साधत नाही. एकाच वाफ्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वाणांपैकी एक पोटभर जेवतो आणि दुसरा अर्धपोटी राहतो. बरं, घेतलं ते सगळं दाण्यात जातं असंही नाही. कुणी ते मुळातच दडवतो, कुणी पानांना देऊन टाकतो, कुणी ताटाच्या पेरांत साठवतो. पेर म्हणजे नुसती गाठ नव्हे. खालून आलेल्या मालातून पानाला किती आणि कणसाला किती, ही वाटणी पेरापेरात होत असते, आणि प्रत्येक वाणाची वाटणीची रीत निराळी. शेवटी दाणा पक्व झाला की त्याच्या बुडाशी काळा ठिपका पडतो. तो पडला म्हणजे दाण्याचं दार लागलं. त्यानंतर आत काही जात नाही, असं सगळी पुस्तकं सांगत होती.

हे सारं पूर्वी झाड मारूनच कळायचं. उपटा, वाळवा, जाळा, राख तपासा. मग कडं आलं. त्या यंत्राचं कागदोपत्री नाव भलतंच लांब होतं, पण ते ताटाभोवती बांगडीसारखं बसायचं म्हणून सगळे त्याला कडं म्हणत. झाडाच्या मुळाशी जड लोहाचा एक थेंब द्यायचा. जड लोह म्हणजे लोहच, विष नव्हे, आणि त्यातून किरणंही निघत नाहीत. फक्त त्याच्या अणूचं केंद्रक किंचित वजनदार असतं आणि चिमुकल्या चुंबकासारखं वागतं, जे साध्या लोहाच्या केंद्रकाला जमत नाही. कड्यात बसवलेल्या हिऱ्याच्या कपचीला त्याची चाहूल लागते. बुडापासून कणसापर्यंत अशी चार-पाच कडी चढवली, की लोह कुठून निघालं, कुठं रेंगाळलं आणि कुठं पोचलं याची रेघ पडद्यावर उमटत राहते. झाड जिवंत, उभं, वाऱ्यावर डोलणारं, आणि आपण त्याच्या आतलं बघतोय. ईश्वरीनं पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा ती जेवायला उठायची विसरली होती.

कड्यानं तालुक्याचं रान बदलून टाकलं. मुलींच्या वसतिगृहांत रक्त कमी असलेल्या मुलींची संख्या बघून घाबरलेल्या लोकांनी 'भाकरी योजना' काढली होती. ज्या ज्वारीच्या दाण्यात लोह जास्त, तीच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाणार. झाडानं घेतलेल्या लोहापैकी दाण्यात किती पोचलं, याला 'दाणा-वाटा' असं नाव पडलं. लग्न जमवताना पत्रिका बघावी तसे लोक पेरणीआधी वाणाचा दाणा-वाटा बघू लागले. कमी वाट्याचे वाण बघता बघता रानातून गेले. आणि मुलींच्या गालांवर रंग आला, हेही तितकंच खरं. ईश्वरी योजनेच्या धान्यगुण केंद्रात काम करत होती आणि तिला आपल्या कामाचा अभिमान होता.

त्याच अभिमानात तिनं एकदा गोकुळीचं नाव पुढे केलं. "माझ्या आत्याच्या घरची ज्वारी आहे, एकदा बघा तर खरं," असं तिनं केंद्राचे प्रमुख डॉ. दिगंबर कुलथे यांना सांगितलं. तीन हंगाम चाचणी, आणि तिन्ही हंगामांत नापास झाला तर वाण यादीतून बाद, असा नियम होता. बाद म्हणजे त्याचं बियाणं कुणी वाढवणार नाही, म्हणजे कुणी पेरणार नाही, म्हणजे तो संपला.

पहिल्याच वर्षी गोकुळीनं सगळ्यांना चकित केलं. केंद्रातल्या कुठल्याही वाणापेक्षा तिनं मातीतून जास्त लोह ओढलं होतं. आणि कुठल्याही वाणापेक्षा दाण्याला कमी दिलं होतं. सगळं वरच्या पेरांत दाबून बसलेली! केंद्रातल्या पोरांनी तिचं नाव 'कंजूष काकू' ठेवलं. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षी काळा ठिपका पडण्याआधी ईश्वरीनं आत्याला फोन केला.

"आत्या, या वर्षीही तसंच झालं तर गोकुळी यादीतून जाणार."

"जाऊंदे की. तुझं कडं काय खोटं बोलतंय व्हय?"

"नाही, खोटं नाही बोलत."

"मग मी तरी कशाला धरून बसू? माझ्या माघारी कोण पेरणार हाय ती? तुझं ते तेजस का फेजस बी दे पाठवून. पुढच्या साली तेच पेरती."

ईश्वरी भांडणाच्या तयारीनं बसली होती. आत्यानं तिला भांडायला जागाच दिली नाही. एवढ्या वर्षांचा हट्ट तिनं आपल्या भाचीच्या एका शब्दावर सोडून दिला होता, आणि तो शब्द आपला आहे या विचारानं ईश्वरीला दिवसभर घास गोड लागला नाही.

केंद्राच्या वाफ्यात ठिपका पडला. डॉ. कुलथ्यांनी स्वतः लिहिलेला नियम असा, की ठिपका दिसला त्याच दिवशी कणीस खुडायचं, म्हणजे मोजमापात गोंधळ राहत नाही. त्याप्रमाणे खुडलं. गोकुळी तिसऱ्यांदा नापास झाली. ईश्वरीनं निकाल लिहून टाकला आणि कडी उतरवायला सांगितली.

एका ठिकाणची कडी मात्र उतरवायची राहून गेली. तुलनेसाठी एक संच आत्याच्या रानातल्या एका ताटावरही चढवलेला होता. कडी महागाची, काढणीआधी ती आठवणीनं उतरवून घेण्याची केंद्रात कडक शिस्त. पण निकाल लागल्यावर ईश्वरीचा बोरसळला जायला पायच उचलेना. आत्याला तोंड कसं दाखवायचं, म्हणून ती आज-उद्या करत राहिली.

एके दिवशी सकाळी पडद्यावर दिसलं की ते ताट आडवं झालंय. आत्याकडे काढणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. तिनं संच बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि ते राहूनच गेलं. दोन दिवसांनी तिचं सहज लक्ष गेलं तेव्हा वरच्या पेराची रेघ खाली उतरत होती.

"कडं निसटलं असेल," डॉ. कुलथे चष्मा कपाळावर चढवत म्हणाले.

"मलाही तेच वाटलं सर. पण कणसाची रेघ बघा."

कणसाची रेघ वर चढत होती. वरच्या पेरातून जेवढं कमी होत होतं तेवढंच कणसात वाढत होतं. मग त्याखालचं पेर रिकामं होऊ लागलं. मग त्याखालचं. वरून खाली, एकेक खोली झाडून काढावी तसं ते ताट आतून मोकळं होत चाललं होतं.

डॉ. कुलथ्यांनी खुर्ची ओढली. साठीला आलेला हा माणूस फार बोलणारा नव्हता, आणि नियमाबाहेर तर मुळीच जाणारा नव्हता. ते कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले.

"नागणेबाई, हे झाड मेलेलं आहे ना?"

"रानात आडवं पडलंय सर. मातीशी संबंध तुटलाय."

"आणि तरीही वाढतंय."

"वाढत नाहीये," ईश्वरी म्हणाली. "देतंय."

पुढच्या दिवसांत त्यांनी जे जुळवलं ते असं. गोकुळी कंजूष नव्हती, सावध होती. मुळाकडून पाणी येतंय तोवर तिला वाटायचं की अजून जगायचंय. बुडातून नवा फुटवा येईल, त्याला लोह लागेल, म्हणून ती ते पेरांत राखून ठेवायची. दाण्याच्या बुडाशी ठिपका तिच्यातही पडायचा, पण दार पुरतं लागायचं नाही, किलकिलं राहायचं. मुळाचं पाणी तुटलं की ताटाला कळायचं, आता पुढं काही नाही. मग मात्र ती हात राखायची नाही. पेरापेरातलं लोह उचलून ती शेवटच्या ओलीच्या जोरावर दाण्यात नेऊन पोचवायची. अनेक दुष्काळ बघितलेल्या रानात हे शहाणपण तिच्यात कधीतरी रुजलं असणार. ठिपका पडल्याबरोबर कणीस खुडणाऱ्या केंद्रानं तिला तेवढी सवडच दिली नव्हती.

"हा नियम मी लिहिला," डॉ. कुलथे म्हणाले. "चूक माझी आहे. आणि नागणेबाई, आपण असे आणखी किती वाण घाईनं खुडून टाकले असतील?"

त्यांनी त्याच दुपारी शीतगृहातल्या बाद वाणांचं बियाणं पुन्हा पेरणीसाठी काढायला सांगितलं. आपली चूक अशी सरळ हातात घेऊन उभं राहणारा साहेब ईश्वरीनं दुसरा पाहिला नव्हता.

आता आत्याला तोंड दाखवायला हरकत नव्हती. ईश्वरी बोरसळला पोचली तेव्हा कणसं मोडून झाली होती, कडबा रचून झाला होता आणि कडी पुसूनपासून देवळीत ठेवलेली होती. आत्या उंबऱ्यावर बसून होती. उठताना तिनं दाराच्या चौकटीला धरलं, मग एक हात कंबरेवर ठेवला आणि ती अर्धीच सरळ झाली. कामाला वाघ असलेली बाई कधी एवढी वाकली ते ईश्वरीला कळलंच नव्हतं.

"आलीस व्हय? बस. तुझं ते नवं बी आणलंस का?"

"नाही आणलं. आत्या, गोकुळी पास होणार बहुतेक!"

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. आडव्या पडलेल्या ताटातून दाण्यात लोह कसं जातं हे सांगताना ईश्वरी हातवारे करत होती, आणि आत्या ज्वारीकडे बघावं तसं तिच्याकडे बघत होती.

"म्हणजे कडब्यातलं लोह कमी झालं म्हण की."

"हो, थोडं होणार."

"म्हशीला कमी पडलं तर तिला भाकरी चारू," आत्या म्हणाली आणि हसली.

"एक सांग. उपटलीस ना गं सगळी?" ईश्वरीनं विचारलं.

आत्याचं हसू थांबलं. "मग? आमच्या घरात जवारीला कवा इळा लागलाय का?" असं म्हणून ती दूध उतू जाईल म्हणत आत गेली. ईश्वरी मागोमाग पाणी प्यायला गेली तर शेगडी बंद होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हातारपणी असं होतंच.

तिनं आणलेले दाणे केंद्रात तपासले. कड्यानं दाखवलं ते खरं निघालं. त्या दाण्यांतलं लोह यादीतल्या पहिल्या वाणापेक्षा वरचढ होतं.

पण डॉ. कुलथ्यांनी एक अडचण काढली, आणि ती रास्त होती. केंद्रात पूर्वी काही वाणांची ताटं कापून त्यांतला प्रवाह बघितलेला होता. कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते, आतल्या नळ्या अडतात आणि प्रवाह लगेच बंद पडतो, असं प्रत्येक वेळी दिसलं होतं. म्हणजे गोकुळीला मूळ सोबत हवं, ती उपटलेलीच असायला हवी, असाच निष्कर्ष निघत होता. खात्री करायला दुसरी गोकुळी उभी कुठं होती? केंद्राची खुडून झाली होती, आत्याची मोडून झाली होती, आणि पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा निर्णय तालुक्याच्या बैठकीत पंधरवड्यात व्हायचा होता. टिपणात डॉ. कुलथ्यांनी लिहिलं: गोकुळी उत्तम, मात्र मुळासकट उपटून, कणसासह आडवी वाळवलेली असावी.

योजनेच्या अध्यक्ष शर्वाणी घोडके हे वाचून हरखून गेल्या. उत्साही बाई, मुलींच्या वसतिगृहांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी लगेच ठरवून टाकलं, की गोकुळी घ्यायची, आणि उपटलेलीच घ्यायची. ज्वारी पुरवणाऱ्या महिला गटांना तसं बंधनच घालायचं.

ईश्वरीला आनंद व्हायला हवा होता. गोकुळी वाचत होती. पण ज्वारी उपटणं म्हणजे काय हे त्या टिपणावर सह्या करणाऱ्यांपैकी फक्त तिला ठाऊक होतं. हाताला चिंध्या बांधून दिवस दिवस वाकलेल्या बायका तिला दिसत राहिल्या, आणि चौकटीला धरून अर्धीच सरळ झालेली आत्या. मुलींच्या रक्तासाठी त्यांच्या आयांच्या पाठी मोडायच्या, हा कुठला हिशेब झाला? गप्प राहिलं तर आत्याची ज्वारी जगणार होती, बोललं तर ईश्वरीच ती संपवणार होती.

बैठकीला सभागृह भरलं होतं. गावोगावच्या महिला गटांच्या बायका, काही सासवा, काही सुना, पुढच्या ओळीत इस्त्रीचं लुगडं नेसून सिंधूआत्या. गोकुळी तिची म्हणून तिला खास बोलावणं होतं. घोडकेबाईंनी घोषणा केली आणि टाळ्यांची वाट बघत त्या थांबल्या. टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या ओळींत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "उपटायचं कुणी? तुम्ही येणार का?"

ईश्वरी उठली. ध्वनिक्षेपकापाशी जाईपर्यंत तिचं ठरलं होतं.

"ही ज्वारी मी पुढं आणली," ती म्हणाली. "ती माझ्या आत्याच्या घरची आहे, आणि तिच्याइतकी शहाणी ज्वारी मी दुसरी पाहिली नाही. पण मी स्वतः ज्वारी उपटलेली आहे. तेच काम करायला लागू नये म्हणून मी शिकले. जे मी टाळलं ते तुम्हांला करा म्हणायला माझी जीभ वळत नाही. एका वाणासाठी इतक्या बायकांच्या पाठी पणाला लावू नयेत. आहे ती ज्वारी चांगली आहे. गोकुळी यादीतून काढावी, असं माझं मत लिहून घ्या."

तिनं आत्याकडे बघायचं टाळलं. त्यामुळे आत्या उठलेली तिला दिसलीच नाही, ऐकूच आली.

"ए ईशे, थांब. काय लिव्हू नगासा."

समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून आत्या उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ती जवारी मी उपटली न्हवती," ती म्हणाली. "कापली हुती. इळ्यानं."

आत्या खाली बघत बोलत राहिली.

"कंबर वाकंना. बाया मिळंनात. कुणी बघू न्हाई म्हणून तांबडं फुटायच्या आत जाऊन कापत हुते रोज थोडी. आन धसकटं दिसू नयेत म्हणून वर माती वढली. पोरगी इचारत हुती तवा खोटं बोलले. तिला काय म्हाईत, म्हातारीच्या खोट्यानं तिचं शास्त्र चुकंल म्हणून."

डॉ. कुलथे आधीच सभागृहातल्या पडद्याकडे वळले होते. कड्यात वाऱ्याचे हेलकावे वजा करण्यासाठी ताटाच्या हालचालीची नोंद होत असते. ती कुणी बघितलीच नव्हती, कारण बघायचं कारणच पडलं नव्हतं. त्यांनी ती मोठी करून सगळ्यांसमोर लावली.

"उपटलं तर ताट आधी वर उचललं जाईल," ते म्हणाले. "इथं वर उचलल्याची खूण नाही. बुडाशी एक बारीक थरथर आहे, आणि मग सरळ आडवं." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "विळाच आहे हा! मावशी, अगदी बुडाशी कापलीत?"

"मग काय वरनं कापू? कडबा वाया जात न्हाई व्हय?"

"म्हणजे कापलेलं तोंड ती स्वतः बंद करून घेते," डॉ. कुलथे स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "मूळ नाही, काही नाही, तरी देते. पुन्हा एकदा चूक माझीच."

घोडकेबाईंना उमगायला थोडा वेळ लागला, पण उमगलं तेव्हा त्या खुर्चीतून जवळजवळ उडाल्याच. म्हणजे उपटायची गरज नाही? नाही, ईश्वरी म्हणाली, बुडाशी कापायची आणि कणसासकट आडवी राहू द्यायची, बास. कापून ओळीत आडवं टाकणारं यंत्र गवतासाठी आहेच, तेच चालेल. ती बोलत होती आणि तिला आपण हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. गोकुळी यादीत टिकली. पुढच्या हंगामात पुन्हा एक चाचणी घ्यायची, एवढीच अट राहिली.

आत्या मात्र खाली बसली होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. ईश्वरी धावत तिच्यापाशी गेली.

"आत्या, अगं तू वाचवलीस तिला!"

"ते ऱ्हाऊंदे," आत्या पदराआडून पुटपुटली. "गावात सांगू नगं कुणाला."

गाव मागच्याच ओळीत बसलं होतं. मग तिसऱ्या ओळीतली एक तरणी बाई उठली आणि जरा घाबरतच म्हणाली, "सिंधूमावशी, मी बी दोन साल झालं कापतीय. फकस्त आमच्या सासूबाईस्नी सांगू नगासा, त्या हितंच बसल्यात."

तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. "गप बस गं," ती म्हणाली. "मी तुझ्या लगीनाच्या आदीपास्नं कापतीय."

सभागृह असं हसलं की घोडकेबाईंना टेबल बडवावं लागलं. सिंधूआत्यानं तोंडावरचा पदर काढला आणि मागं वळून बघितलं. चिंध्या बांधून निबर झालेले हात वर होत होते, पहिल्यांदा एक, मग दोन, मग सगळ्या ओळींतून.